पाच घरं उघडी राहिलेली फट

मित्रांनो, मी एक जुनी फट आहे.

हसून झालं असेल तर पुढे सांगते. घड्याळ, छत्री, फळा, पोस्टाची पेटी यांची आत्मवृत्तं तुम्ही परीक्षेत दहा-दहा मार्कांना लिहिली असतील. फटीचं आत्मवृत्त कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही. त्याला कारण आहे. छत्री ही वस्तू असते. फट म्हणजे दोन वस्तूंच्या मधे जे नसतं ते. जे नाहीच त्याने आत्मवृत्त कुठून सुरू करायचं, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न आहे.

तरी प्रयत्न करते. धारदार कडांची दोन पितळी पाती समोरासमोर उभी आहेत. उजवीकडे एक पेच आहे आणि पेचावर आकडे कोरलेला गोल. पेच फिरवला की पाती जवळ येतात किंवा लांब जातात, आणि किती लांब गेली ते गोलावरची घरं मोजून कळतं. त्या पात्यांच्या मधली रिकामी जागा म्हणजे मी. कंपनीच्या कागदावर मात्र पाती, पेच, दांडा सगळं मिळून माझं नाव ‘स्लिट’ असं होतं. माझा जन्म अंबाल्याचा. तिथे शाळा-कॉलेजांची उपकरणं करतात. १९६८ साली लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून, आग्रा रोडने ट्रकमधून मी धुळ्याला आले. कॉलेजच्या फिजिक्सच्या नोंदवहीत माझी नोंद झाली : ‘स्लिट, एक नग.’ माझ्याबद्दल त्यानंतर बरीच वर्षं कुणी काही लिहिलं नाही.

माझं काम सोपं होतं. लांब लोखंडी पट्टीवर, म्हणजे ऑप्टिकल बेंचवर, एका टोकाला सोडियमचा पिवळा दिवा असायचा. त्याच्यासमोर मी. दिव्याचा उजेड माझ्यातून बारीक होऊन पुढे जायचा. पुढे मुलं एखादी तार नाही तर केस उभा करायची. तुम्हाला वाटेल, तारेची सावली पडेल. पडते. पण उजेड माझ्यासारख्या अरुंद फटीतून आला असेल, तर त्या सावलीच्या कडेला आणि पोटातसुद्धा काळ्या-पिवळ्या पट्ट्या उमटतात. उजेड तारेच्या कडेवरून जाताना वाकतो आणि स्वतःवरच आदळतो, म्हणून. पुस्तकात याला विवर्तन म्हणतात. पट्ट्या मोजायच्या, गणित करायचं, जर्नल भरायचं.

निदान असं ठरलेलं होतं.

प्रत्यक्षात आमच्या प्रयोगशाळेत झुलाल आबा होते. आबा प्रयोगशाळेचे परिचर. शिक्षण सातवी, पण वीस वर्षांत त्यांना सगळ्या प्रयोगांची उत्तरं पाठ झाली होती. सोडियमच्या उजेडाची तरंगलांबी ५८९३. गुरुत्वाकर्षण ९८०. मूल घामाघूम होऊन उभं राहिलं की आबा फडक्याने टेबल पुसत पुसत जवळ जायचे आणि हळूच आकडा सांगायचे. मग मूल उत्तरापासून उलटं चालत रीडिंगपर्यंत यायचं. त्यामुळे धुळ्यात गुरुत्वाकर्षण कधी तसूभर कमी-जास्त झालं नाही. आबांनी या कामाचा कुणाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही. पोरं पास व्हावीत, एवढंच.

जर्नलात एक ओळ असायची : झिरो एरर. म्हणजे उपकरण पूर्ण मिटलं की आकडा शून्यावर येतो का, की थोडा इकडेतिकडे असतो. ते बघायला मला पूर्ण मिटावं लागतं. एका मिनिटाचं काम आहे. पण मागच्या वर्षीच्या जर्नलात ‘निरंक’ असं लिहिलेलं असायचं, त्याच्या मागच्या वर्षीही निरंक, म्हणून याही वर्षी निरंक.

१९७६ साली एका विद्यार्थ्याने माझा पेच पिळून पिळून अडकवला. मग घाबरून उलटा हिसडला. त्या हिसक्यात आकड्यांचा गोल दांड्यावर पाच घरं सरकला. तेव्हापासून गोल शून्य दाखवायचा तेव्हा मी पाच घरं उघडी असायचे. गोल बारा म्हणायचा तेव्हा सतरा. त्या विद्यार्थ्याने त्या दिवशी जर्नलात लिहिलं, झिरो एरर : निरंक. त्याला फर्स्ट क्लास मिळाला.

मला खोटं बोलायला लागलं होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मित्रांनो, फटीकडे कुणी बघत नाही. सगळे फटीतून बघतात. दिवसभर डोळे माझ्या इतके जवळ यायचे, आणि एकही माझ्यासाठी आलेला नसायचा.

१९७९ साली पंडित शिरसाठ सर कॉलेजात लागले. उंच, बारीक, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. वडील साक्रीकडे रेल्वे नाही म्हणून एस.टी.त कंडक्टर होते, असं ते स्वतःच सांगायचे आणि कुणी हसायच्या आत पुढचं वाक्य सुरू करायचे. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. सगळे तार बघून पट्ट्या मोजतात. आपण पट्ट्या बघून तार ओळखायची. म्हणजे वस्तू बघायचीच नाही. तिच्यावरून वाकून आलेला उजेड फिल्मवर घ्यायचा, फिल्मचा काळेपणा केसाकेसाच्या अंतरावर मोजायचा, आणि त्या आकड्यांवरून गणिताने वस्तूचं चित्र परत उभं करायचं. यावर त्यांनी १९८३ साली प्रबंध नोंदवला.

यातली अडचण मी होते. मला अगदी बारीक ठेवलं तर उजेड शिस्तीत येतो, पट्ट्या कोरल्यासारख्या उमटतात. पण तो उजेड इतका थोडा की फिल्मवर चित्र यायला पाऊण तास लागायचा. तेवढ्यात एकतर वीज जायची, किंवा आग्रा रोडवरून लोखंड भरलेला ट्रक जाऊन बेंच थरथरायचा. मला रुंद केलं तर उजेड भरपूर. पण मग माझ्या डाव्या कडेचा उजेड आपल्या पट्ट्या एका जागी पाडतो, उजव्या कडेचा जरा बाजूला, आणि सगळं एकमेकांवर पडून फिसकटतं. आमच्या स्टाफरूमसारखं. सगळे एकच गोष्ट सांगत असतात, पण जो तो आपापल्या खुर्चीवरून.

सरांनी मधला मार्ग काढला. मला बारा घरं उघडायचं. उजेड अर्धवट शिस्तीचा येईल, पट्ट्या थोड्या फिसकटतील. पण फट किती रुंद आहे हे नक्की माहीत असेल, तर किती फिसकटलं तेही नक्की सांगता येतं आणि गणितात तेवढं परत निस्तरता येतं. सगळं माझ्या रुंदीवर उभं होतं. सरांनी नोंदवही काढली. झिरो एरर पाहिला. निरंक. त्यांनी गणितात लिहिलं : बारा.

मी सतरा घरं उघडी, त्यांच्यापासून वीतभर अंतरावर उभी होते.

सहा वर्षं गेली. प्रबंधाची मुदत दोनदा वाढली होती आणि तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. १९८९च्या दिवाळीनंतर शेवटच्या चाचणीसाठी जळगावहून परीक्षक आल्या. साबेरा शेख मॅडम. त्या पूर्वी दोनदा आमच्याकडे प्रॅक्टिकलच्या परीक्षेला येऊन गेल्या होत्या. त्यांनी पर्समधून बिस्किटांचा छोटा डबा काढला. काळ्या रंगाने रंगवलेला, समोरून आणि मागून बोटभर खिडकी, खिडक्यांना सरकती झाकणं.

“सर, यात एक वस्तू उभी केली आहे. काय आहे ते मला माहीत आहे. तुम्ही मला चित्र काढून दाखवा.”

“सील नाही केलं?”

“सील केलं तर उजेड कुठून जाणार? झाकणं अंधारात उघडायची. खिडकीला डोळा लावायचा नाही. तुमचा शब्द पुरे.” मग त्या म्हणाल्या, “राग मानू नका. या प्रयोगशाळेतून आजवर एकही चुकीचं रीडिंग बाहेर आलेलं मी पाहिलं नाही. म्हणूनच मला शंका आहे.”

सर हसले नाहीत. “मलाही आहे, मॅडम. म्हणून तर हे करतोय.”

दारात झुलाल आबा चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

तीन दिवसांत सरांनी फिल्म काढली. दोनदा वीज गेली, एकदा ट्रक गेला, चौथ्यांदा जमलं. शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी खिडकीकडे पाठ करून झाकणं उघडली. मोजलेल्या आकड्यांच्या चार पानं रांगा घेऊन ते रविवारी सकाळच्या एस.टी.ने जळगावला गेले. तिथल्या एका पाइपांच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीने रविवारपुरता कॉम्प्युटर मिळायचा.

त्याच रविवारी आबांनी प्रयोगशाळा उघडली. सुट्टीच्या दिवशी ते कधी यायचे नाहीत. त्यांनी आधी बेंच पुसला. मला पुसलं. मग डबा उचलला, खिडकीपाशी नेला, दोन्ही झाकणं सरकवली आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. चष्मा घरी राहिला होता. बराच वेळ पाहिलं, डबा हाताच्या अंतरावर नेला, परत जवळ आणला. मग झाकणं लावून डबा होता तिथे, होता तसाच ठेवला. जाताना दिव्याला उगाच हात लावून नमस्कार केला.

सोमवारी सर आले ते कडेला भोकांच्या पट्ट्या असलेल्या लांबच लांब कागदाची घडी घेऊन. माझ्याच बाजूला त्यांनी तो बेंचवर पसरला. त्या कॉम्प्युटरला चित्र काढता येत नव्हतं, फक्त अक्षरं छापता यायची. म्हणून सरांनी त्याला सांगितलं होतं : जिथे वस्तू आहे तिथे फुली, जिथे नाही तिथे कोरी जागा, जिथे कळत नाही तिथे टिंब.

कागदावर फुल्यांचा एक उभा दांडा उभा होता. आणि दांड्याच्या बरोबर मधून, वरपासून बऱ्याच खालपर्यंत, टिंबांची एक बारीक रांग.

मित्रांनो, मी ती रांग पाहिली आणि ओळखली. माणूस गर्दीत आपल्या गावचा माणूस ओळखतो तशी. दोन कडा आणि मधे काही नाही. ती फट होती. माझी रुंदी सतरा धरली असती, तर गणिताने फिसकटलेलं पुरतं निस्तरलं असतं आणि त्या टिंबांच्या जागी स्वच्छ कोरी जागा आली असती. बारा धरल्यामुळे ती धुळीने भरल्यासारखी दिसत होती. पण होती.

सर खुर्ची ओढून बसले. टिंबांवर बोट ठेवून खालपर्यंत नेलं, परत वर आणलं. “हे खरं आहे की खोटं आहे?” असं स्वतःशीच म्हणाले.

तेव्हा आबा आत आले. दार लोटून घेतलं आणि आपल्या अहिराणीत म्हणाले,

“सर, टाचणी शे.”

“काय?”

“डबामा. टाचणी शे. मी देखं, मना डोयाघाई.”

सर उभे राहिले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडताना ऐकलं. “आबा! मी शब्द दिला होता!”

“तुम्ही दिधा व्हता. मी नही.” आबांचा आवाज अगदी शांत होता. “सहा वरीस व्हयनात, सर. बठ्ठा पोरेसना रीडिंग मी बराबर करी दिधा. तुमनंच कसं चुकू दिऊ? मी कोनले सांगाव नही.”

ते फडकं खांद्यावर टाकून बाहेर गेले. मागे सर, कागद आणि मी.

आधी त्यांनी दुसरा कोरा कागद ओढला आणि साबेरा मॅडमना पत्र लिहायला घेतलं : डबा उघडला गेला आहे, चाचणी रद्द समजावी. दोन ओळी लिहिल्या. मग थांबले. का उघडला, कुणी उघडला, हे लिहावं लागणार होतं. आबांच्या निवृत्तीला चौदा महिने होते. पत्र फाडून खिशात घातलं. परत टिंबांकडे पाहिलं. टाचणीला मधे फट नसते, हे जगात सगळ्यांना माहीत आहे. झिरो एरर निरंक, आकडा बारा, वस्तू टाचणी. मग ही टिंबं कुठून आली? आपल्याच गणिताची काहीतरी चूक.

त्यांनी खिशातून पेन काढलं. आणि एकेका टिंबावर एकेक फुली मारायला लागले. वरून खाली. फार नीटनेटकी, छापल्यासारखी. चाळीसेक असतील. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर एक फट ते बघत होती आणि तिला घसा नव्हता.

आठवड्याने साबेरा मॅडम आल्या. कागद पाहिला. खाली सरांनी लिहिलं होतं : ‘भरीव, गोल. बहुधा टाचणी.’ त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि आतली वस्तू चिमटीने उचलून सरांच्या तळहातावर ठेवली.

सुई होती. खिडकीत तिची वरची बाजू येत होती. नेढं असलेली.

“माझे वडील शिंपी. गोधडीची सुई आहे, नेढं मोठं असतं,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी कागद उजेडाकडे धरला, आणि तो मागून बघितला. शाईच्या फुल्या मागच्या बाजूला उमटल्या होत्या. छापलेल्या उमटल्या नव्हत्या.

“सर, या मधल्या फुल्या पेनाने काढल्यात.”

“हो.”

“खाली काय होतं?”

“टिंबं.”

मॅडमनी कागद खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. “तुम्हाला दिसलं होतं, सर. तुमच्या उजेडाने नेढं दाखवलं होतं. मग बुजवलंत का?”

दारात आबा उभे होते. हातात चहाचा ट्रे होता. सरांनी तिकडे पाहिलं नाही.

“मला वाटलं, मला उत्तर माहीत आहे,” ते म्हणाले.

मॅडमनी अहवालात काय लिहिलं ते मला कळलं नाही. प्रबंध परत आला एवढं कळलं. सुई त्या तिथेच विसरून गेल्या, की ठेवून गेल्या, तेही कळलं नाही.

त्या संध्याकाळी आबा सरांच्या टेबलापाशी आले. “सर, मनाजोडे चष्मा नही व्हता.”

“माझ्याजवळ होता की, आबा,” सर म्हणाले. “बसा. चहा तुम्हीच घ्या आज.”

दोघांनी चहा घेतला. आबा कप धुवायला गेले, तेव्हा सरांनी मला बेंचवरून हातात घेतलं. पेच हळूहळू फिरवून पाती मिटवत आणली. गोल शून्यावर आला. त्यांनी मला दिव्यासमोर धरलं. मधून एक पिवळी रेघ येतच होती. अजून फिरवलं. एक घर, दोन, तीन, चार. पाचव्या घराला रेघ गेली. तेरा वर्षांत मला कुणी पहिल्यांदा पूर्ण मिटलं होतं.

सर त्या आकड्याकडे बघत राहिले. मग हसले. तसं हसू मी पूर्वी ऐकलं नव्हतं आणि परत ऐकायची इच्छा नाही.

पुढच्या रविवारी ते पुन्हा जळगावला गेले. या वेळी कुणी मागितलं नव्हतं. तेच आकडे, फक्त बाराच्या जागी सतरा. सोमवारी आणलेल्या कागदावर फुल्यांची सुई उभी होती आणि तिला स्वच्छ, कोरं, लांबट नेढं होतं. तो कागद त्यांनी कुणाला दाखवला नाही. कपाटाच्या आतल्या बाजूला, मागच्या फळीवर, डिंकाने चिकटवला. मग मला त्याच कपाटात ठेवण्याआधी एक छोटी चिठ्ठी माझ्या बुडाला चिकटवली. तिच्यावर शाईने : ‘पाच घरं उघडी.’

माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं हे एकमेव खरं वाक्य आहे.

आबा निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळ्यांनी सांगितलं की त्यांच्या काळात एकही मूल प्रॅक्टिकलला नापास झालं नाही. सर त्या वेळी टाळ्या वाजवत होते. मी कपाटातून ऐकल्या. ९३ साली कॉलेजात लेझर आला. लाल उजेडाची बोटभर काठी. त्याचा उजेड जन्मतःच शिस्तीचा, त्याला फट लागत नाही. सरांनी मुलांना तो छान शिकवला. मधेच एकदा कपाट उघडून मला काढलं, पाती पूर्ण मिटली, आकडा पाहिला, पाती पुन्हा उघडली आणि मला परत ठेवलं. तो अजून पाचच होता. ९६ला त्यांची बदली जळगावच्या कॉलेजात झाली. जाताना त्यांनी कपाट उघडलं नाही. मी वाट पाहिली होती.

मागच्या वर्षी जुन्या सामानाची यादी करायला समिती आली. तिघे होते. एकाने मला उचललं, उलटं केलं, बुडाची चिठ्ठी वाचली. “पाच घरं उघडी म्हणे. कुणाची रे?” दुसरा हसला. यादीत माझ्यापुढे लिहिलं : ‘उपयोग : निरंक.’ मला आत ठेवलं आणि निघून गेले.

तेव्हापासून मी इथेच आहे. या कपाटाची दारं नीट लागत नाहीत, मधे बोटभर मोकळी राहतात. म्हणजे इथे अजून एक फट आहे, पण ती लाकडाची आहे आणि बोलत नाही. दुपारी साडेतीनच्या सुमाराला पश्चिमेची खिडकी तापते. दारांमधून एक उन्हाची रेघ आत येते, सरकत सरकत माझ्यापाशी पोचते, माझ्यातून बारीक होते आणि मागच्या फळीवर पडते. तिथे फुल्यांची सुई आहे. रेघ दांड्यावरून जाते, मग नेढ्यात येते. तेवढी पाच-सहा मिनिटं तिथे एक फट दुसऱ्या फटीला उजेड देते. मग ऊन उतरतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कधी हे कपाट उघडलं, तर मला तेल नको, पॉलिश नको. आधी मला पूर्ण मिटा. आकडा वाचा. जो दिसेल तो लिहा, मागच्या वहीत काहीही लिहिलेलं असो. आणि पुढे कधी तुमच्या कागदावर नको तिथे टिंबांची रांग आली, तर पेन खिशातच राहू द्या. एक दिवस थांबा. मी थांबलेच आहे.